अंबाडीची दोरी आणि पाण्याचा पंप

नागपूरहून रामाकोन्याला स्वतःच्या मोटरनं जाऊन आलो असं सांगितलं, की लोक रस्ता कसा होता ते विचारत नाहीत. गाडी कुठं बंद पडली, ते विचारतात. माझ्या शाळेतल्या मंडळींनी तर मी आल्या आल्या हाच प्रश्न केला, आणि तोही चहा येण्याच्या आधी. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. बंद पडली. पण ती जिथं बंद पडली आणि जशी सुरू झाली, ते कळल्यावर ही मंडळी गप्प बसली. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

नागपूर

मी शाळेत शास्त्र शिकवतो आणि माझी मोटर मी स्वतः दुरुस्त करतो. शास्त्र शिकवण्याबद्दल मला कोणी कधी शाबासकी दिलेली नाही, त्यामुळे माझा सगळा अभिमान मोटरीकडे वळला आहे. गाडी जुनी, विलायती, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. गेल्या दोन वर्षांत मी तिचे ब्रेकचे पट्टे बदलले, इंजिनातला कोळसा खरवडला, गळका छप्परपडदा शिवला. यातल्या प्रत्येक कामाला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जे पैसे घेतात, त्यात आमच्या घरचं महिन्याचं वाणसामान येतं. मी पाने-पकडी भंगारबाजारातून आणल्या आणि रविवार घातले. आपला हात जगन्नाथ, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की माझी बायको सुमन आता ते माझ्या आधी म्हणते.

या गाडीत सुमनचे गोठ आहेत. म्हणजे ते विकून ही गाडी आली. लग्नात तिच्या बाबांनी, संत्र्याच्या बागेला पहिला मोठा बहार आला होता त्या पैशातून, दोन भरीव गोठ तिच्या हातात घातले होते. ते विकायची गोष्ट मी काढली नव्हती, तिनंच काढली. पण बाबांना मात्र तिनं ती कधी सांगितली नाही. दोन वर्षं काही ना काही कारण सांगून ती माहेरी, रामाकोन्याला, गेली नाही. यंदा मात्र पोळ्याला ये, असं पत्र आलं आणि खाली लिहिलं होतं की आता तुझं नागपूर वेगळ्या राज्यात जाणार, त्याआधी एकदा येऊन जा. राज्यांची नवी वाटणी झाली होती. नोव्हेंबरापासून नागपूर मुंबई राज्यात जायचं होतं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहायचं होतं.

निघायच्या आठ दिवस आधी पंपातून पाणी ठिबकायला लागलं. इंजिनात पाणी खेळवणारा जो पंप असतो, त्याच्या फिरत्या दांड्याभोवती वंगणात भिजवलेली दोरी, वर्कशॉपवाल्यांच्या भाषेत डोरी, भरलेली असते आणि तिच्यावर एक नट आवळलेला असतो. पाणी तिथून येत होतं. केवळ किंमत विचारायला म्हणून मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पांढरा कोट घातलेला फोरमन आला, त्यानं गाडीला हात न लावता यादी लिहिली. नवा पंप, मुंबईहून मागवायचा. तोवर निदान डोरी नवी. शिवाय मी न विचारलेल्या चार गोष्टी.

"नटच आवळतो की," मी म्हणालो.

"हातानं आवळत बसाल मास्तर, तर रस्त्यात बसाल," तो म्हणाला.

ही धंद्याची धमकी आहे असं मला वाटलं. मी यादी घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन नट आवळला. ठिबकणं थांबलं. सुमनला बोलावून दाखवलं.

तिनं पाहिलं आणि म्हणाली, "माझी एकच अट आहे. गाडी रामाकोन्यात स्वतः चालत गेली पाहिजे. बैल लावून ओढत नेली, तर बाबा काय म्हणतील मला माहीत आहे. सोनं देऊन लोखंड घेतलं, आणि तेही ओढावं लागतं."

"त्यांना सोन्याचं कळणार कसं?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेल्या. पोळ्याच्या सणाला एवढा चुडा कोणी भरत नाही, पण बोलण्याची ती वेळ नव्हती.

सौंसर

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. सुमनला संध्याकाळच्या खांदमळणीला पोचायचं होतं. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे कढत पाण्यानं शेकतात, लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. लहानपणी लोण्याची वाटी धरण्याचा मान तिचा असे. नागपुरात आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन मिरवतात, तेवढाच माझा बैलांशी संबंध.

सावनेरला थोडं ठिबकताना दिसलं. आवळलं. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती, तिच्यात गुडघ्याएवढी कपाशीची पऱ्हाटी, आणि जसजसं सौंसर जवळ येऊ लागलं तशा संत्र्याच्या बागा. फळं अजून हिरवी होती आणि पानांत दिसतही नव्हती. गाडी छान चालत होती आणि मी फोरमनबद्दल बोलत होतो. सुमन बागा बघत होती.

सौंसरच्या स्टँडवर हॉटेलात आलूबोंडे खाल्ले. शेजारच्या बाकावर पागोटेवाले एक गृहस्थ आमच्या गाडीच्या नंबराकडे बघत होते.

"नागपूरची हाय का जी?"

"हो."

"मंग पाहून घ्या सौंसर. दोन महिन्यांनी तुमी परदेशी होऊन राहिले."

"आणि तुम्ही?"

"आमी कुठं जातो बापा? आमी इथंच बसून राहिलो. सरकारच उठून इकून तिकडं जाऊन राहिलं." त्यांनी चहा बशीत ओतला. "नागपुरात तारीख असली का आमी जातो, तुमाले हुरडा खाव वाटला का तुमी येता. लाइन वढली तरी रस्ता थ्योच राहीन नं?"

मी हो म्हणालो आणि निघताना आणखी एकदा नट आवळला. या वेळी पाना हातभर लांब होता आणि मी पोट भरून खाल्लं होतं.

रामाकोन्याच्या अलीकडे एक मैल

गाव एक मैलावर राहिलं असताना बॉनेटखालून आधी जळका वास आला, मग वाफ, मग सगळं पाणी रस्त्यावर. ऊन उतरलं होतं. मी बॉनेट उघडलं. आवळून आवळून डोरी दांड्यावर अशी चिणली गेली होती की तिचं वंगण जळून कोळसा झाला होता. फोरमन म्हणाला होता तसा मी रस्त्यात बसलो होतो. माझ्या पेटीत जगातली सगळी हत्यारं होती आणि नवी डोरी तेवढी नव्हती, कारण ती यादीतली दुसरी ओळ होती आणि ती यादी मी घडी करून खिशात घातली होती.

पुलाखाली नाल्यात एक शेतकरी बैल धूत होता आणि त्याची बैलगाडी कडेला सोडलेली होती. सुमननं ओळखलं, गावातलाच सखाराम. मी तिच्याकडे न बघता खाली गेलो आणि त्याला म्हणालो, "एवढी मोटर गावापर्यंत ओढून द्याल का?" माझा धीर इतक्या लवकर सुटेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

सखारामनं बैलाच्या मानेवरचा हात काढला नाही. "आज नाई जी. खांदे मळाचे हायेत. आता पोळा झाल्याबिगर जू ठेवत नाई कोनी."

"एकच मैल आहे."

"एक पाऊल बी नाई. रामाकोन्यात तुमाले कोनीच जुपून देनार नाई. मानसं आनतो ढकलाले, म्हनत असान त."

"माणसंही नकोत," वरून सुमनचा आवाज आला. ती कठड्याशी उभी होती. मी काय मागितलं ते तिनं ऐकलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तुम्ही बसा इथं. मी बाबांना घेऊन येते. गाडी बंद पडल्याचं उद्या गावानं सांगण्यापेक्षा मीच आज सांगते."

आणि ती चालत निघाली. बांगड्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मी मोटरीच्या पायरीवर बसलो. आयुष्यात इतका ओशाळा मी कधी झालो नव्हतो.

अर्ध्या-पाऊण तासानं ती आली ती मामाजींना, म्हणजे तिच्या बाबांना घेऊन. उंच, वाळके गृहस्थ. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे, खांद्यावर दुसऱ्या दिवशी बैलांना बांधायच्या नव्या मोरख्या, म्हणजे तोंडावरच्या दोऱ्या. एका बैलाचे खांदे मळून झाले होते, दुसऱ्याचे अर्धे टाकून आले होते. मोठा मळा असलेला हा माणूस गडी असताना स्वतः खांदे मळतो, याचं मला नवल वाटलं होतं. पुढं विचारलं तर म्हणाले, "हातानं मळल्याबिगर कुठं दुखते थे समजत नाई."

त्या वेळी मात्र त्यांनी फक्त गाडीकडे पाहिलं. "काय झालं जवाईबापू?"

मी पंपाचं सगळं सांगितलं. न लपवता सांगितलं, कारण लपवायला काही उरलं नव्हतं.

"म्हंजे दांडा फिरला पाह्यजे, आन् पानी बाह्यर नाई आलं पाह्यजे."

"हो."

"मधात दोरी."

"हो. पण ती खास असते. वंगण आणि काजळीसारखी पूड—"

"सख्या," त्यांनी नाल्याकडे हाक मारली, "तुह्या बंडीचं ओंगण आन."

बैलगाडीच्या आसाला घालायचं ते तेल-काजळीचं काळं मिश्रण, एका बांबूच्या नळीत. तेवढ्यात मामाजींनी खांद्यावरच्या नव्या मोरखीचं एक टोक उकललं, अंबाडीचे चार धागे ओढून काढले आणि मांडीवर वळायला सुरुवात केली. दाभणाएवढी बारीक, सारखी, गाठ नसलेली दोरी. मी शास्त्राचा मास्तर. वंगण घर्षण कमी करतं हे मी दर वर्षी सातवीला शिकवतो, आणि ते बांबूच्या नळीत असतं हे मला त्या दिवशी कळलं.

दोरी ओंगणात बुडवून मी ती दांड्याभोवती एकेक वेढा करून बसवली. सुमननं बॉनेट धरलं होतं. हात वर गेल्यामुळे तिच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि उघडी मनगटं मामाजींच्या डोळ्यांसमोर आली. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. ते पुन्हा पंपाकडे वळले. सुमननं खाली पाहिलं.

नट बसवून मी पाना लावला आणि जोर करणार, तोच पिवळा हात माझ्या हातावर आला.

"आवळून नका राहू."

"ठिबकेल ना, मामाजी."

"ठिबकू द्या. जोत आवळलं तर बैलाचा खांदा सोलते. बोटभर ढील ठेवा लागते. थ्या दोरीले बी भिजाले पानी लागन का नाई? एखादा थेंब पडला तर पडला."

बोटांनी जेवढा फिरतो तेवढाच नट त्यांनी फिरवू दिला. सखारामनं नाल्यातून पाणी आणून ओतलं. मी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली. पंपाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. खूप वेळानं दुसरा. बाकी कोरडं.

मामाजी मागं बसले नाहीत, पुढं माझ्या शेजारी बसले. अख्खं गाव खांदमळणीसाठी बाहेर होतं आणि त्या सगळ्यांच्या देखत आम्ही स्वतःच्या चाकांवर दारात गेलो. सुमनचा जीव भांड्यात पडला असावा. ती उतरली आणि थेट गोठ्यात जाऊन लोण्याची वाटी उचलून उभी राहिली. राहिलेल्या बैलाचे राहिलेले खांदे मळून झाल्यावर वाटीच्या तळाशी थोडं लोणी उरलं होतं. मामाजी ते घेऊन बाहेर आले, मोटरीच्या बॉनेटच्या दोन्ही कडांना चोळलं आणि बैलांना सांगितलं त्याच आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आवरेना. पण गोठ्याच्या दारात उभी असलेली सुमन हसत नव्हती, तिचे डोळे भरून आले होते.

पोळा

पुरणपोळी, कढी, वडे. किती खाल्लं ते सांगत नाही. नागपुरात पुरणपोळीवर तूप वाढतात, इथं पुरणपोळी तुपात ठेवून वाढतात. बैलांना शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा, आणि कोणीतरी एक मूठ गाडीच्या पुढच्या चाकाशीही ठेवली. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या सुरू झाल्या. एकजण चार शब्द जुळवून ओरडतो आणि सगळे महादेवाचा गजर करतात. सखारामनं सगळ्यांत मोठ्यांदा म्हटली:

"जवाई आला नागपूरचा, मोटरीत बसून,
सासऱ्यानं दोरी वळली, तवा आली हासून!"

महादेवाचा गजर झाला. मी पण केला. नाही तरी हात दाखवून अवलक्षण झालंच होतं.

पांढुर्णा

तीन दिवसांनी मामाजींना पांढुर्ण्याला बहिणीकडे करंज्या पोचवायच्या होत्या. म्हणाले, मोटरीतून जाऊ, मग तुम्ही तसेच नागपूरला जा. सौंसरवरून पांढुर्ण्याचा रस्ता खडबडीत आहे. दर पाच मैलांवर मी उतरून पंप बघत होतो आणि दर वेळी एक थेंब लोंबत होता. माझा हात पान्याकडे जाई आणि मामाजी खोकत. तिगावाजवळ मालगाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा ते एकदम म्हणाले, "सुमन, तुले आता माहेरी याले परवाना लागन का?"

"नाही हो बाबा."

"मंग ठीक हाय."

पांढुर्ण्यात गोटमार होऊन गेली होती. जाम नदीच्या काठी गोटे तसेच पडलेले आणि बाजारात डोक्याला पट्टी बांधलेले दोघे-तिघे अगदी मजेत सौदा करताना दिसले. नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायचे आणि दोन दिवसांनी एकमेकांकडून मिरच्या घ्यायच्या, हे आम्हा नागपूरकरांना जमणार नाही. आमच्याकडे अबोला वर्षभर टिकतो.

आत्याबाईंच्या घराजवळ कापसाचं जिनिंग होतं. तिथला म्हातारा फिटर गाडी बघायला आला. मी मुद्दाम पंप दाखवला. त्यानं दांड्याला बोट लावलं, वास घेतला.

"कोनं भरलं हे?"

"यांनी दोरी वळली, मी भरली."

"नवा पंप नोका घेऊ. दांडा सरळ हाय. आमच्या इंजिनाले बी असंच भरतो." मग माझ्या हातातल्या पान्याकडे बघून म्हणाला, "फक्त याले आवळू देऊ नोका." हे तो मामाजींना म्हणाला.

पुन्हा सौंसर

परतीला सौंसरच्या स्टँडवर मामाजी उतरले. तिथून त्यांना रामाकोन्याची बस होती आणि आम्हाला उजेडात नागपूर गाठायचं होतं. बस उभीच होती. सुमन पाया पडायला वाकली तशी त्यांनी तिचा हात धरला आणि बांगड्या एका बोटानं वर सारल्या.

"बाबा, मी सांगणार होते," ती म्हणाली.

"पुलावर पाह्यलं म्या."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तुह्या मायचे गोठ बी मी पहिल्या बैलजोडीत घातले होते. मंग माहेरी जातानी तिनं असाच चुडा भरला, कोपरापर्यंत. तिच्या बापाले वाटलं, लेक हौशी हाय. मले थे बैल चालले पाह्यजे, एवढीच फिकर होती तवा. तुही मोटर चालून राहिली. आता उघड्या हातानं येत जा."

कंडक्टरनं हाक मारली. ते बसमध्ये चढले आणि खिडकीतून अंबाडीच्या दोरीचं एक भेंडोळं माझ्याकडे फेकलं. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

मग सुमन पायरीवर बसली आणि बांगड्या काढू लागली. एकेक, न फोडता. सगळ्या काढून तिनं माझ्या हत्यारांच्या पेटीत दोरीच्या भेंडोळ्यावर ठेवल्या. उघडी मनगटं बराच वेळ चोळत राहिली. मी बॉनेट उघडून पंपाकडे पाहिलं. थेंब लोंबत होता. सवयीनं माझा हात पेटीकडे गेला.

"तो पाना इकडे द्या," ती म्हणाली.

मी दिला. तिनं तो मांडीवर ठेवला, वर दोन्ही हात ठेवले, आणि नागपूर येईपर्यंत सोडला नाही.